पहिले दोन महिने बिस्किटांचा पुडा घरीच ठेवा

दरवर्षी परीक्षा संपल्या की दोन-चार फोन येतात. ‘ताई, रस्त्यावरच्या मुलींसाठी काहीतरी करायचंय, कुठनं सुरुवात करू?’ कळकळ खरी असते. पण ठरलेल्या दिवशी सांगलीच्या एसटी स्टँडवर येताना बहुतेकांच्या एका हातात बिस्किटांचे पुडे असतात आणि दुसऱ्या हातात फोटो काढायला मोबाइल. पुडे मी पिशवीत परत ठेवायला लावते, मोबाइल खिशात. मग चहा घेऊन तासभर आम्ही नुसतं बघत बसतो.

पुड्यांचं मी स्वतःच्या अनुभवानं सांगते. सुरुवातीला मीही तेच केलं. पहिल्या दिवशी सहा पोरं आली, तिसऱ्या दिवशी वीस. चौथ्या दिवशी कळलं की एक मोठा पोरगा सगळ्यांचे पुडे गोळा करतोय आणि अर्ध्या किमतीत टपरीवर विकतोय. जिच्यासाठी मी जात होते तिनं आपला पुडा तिथंच फोडून खाल्ला म्हणून तिला मार बसला. शिवाय मी ‘बिस्किटवाली बाई’ झाले. बिस्किटवाल्या बाईपुढं रडकं तोंड करायचं असतं, तिला खरं काही सांगायचं नसतं.

समोरचं पोर उपाशी असेल तर जरूर खायला घाला. शेजारी बसा, एक प्लेट भजी मागवा, दोघी मिळून खा. वाटप मात्र नको.

रात्री ती कुठं झोपते?

सगळ्यात आधी एवढंच शोधायचं. दिवसा सिग्नलवर पेनं विकणारी आणि रात्री वस्तीतल्या खोलीत झोपायला जाणारी मुलगी वेगळी. आईबापांसोबत पालात किंवा पुलाखाली राहणारी वेगळी. आणि जिच्यासोबत आपलं असं कुणीच नाही, ती वेगळी. बाल न्याय अधिनियम, २०१५ तिघींनाही ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ म्हणतो, पण पहिल्या दोघींचं काम महिन्यांच्या हिशेबानं चालतं आणि तिसरीचं तासांच्या. नवे लोक नेमकं उलट करतात. एकटीला ‘आधी विश्वास संपादन करू’ म्हणून आठवडाभर तिथंच ठेवतात आणि आईच्या कडेवरून उतरलेल्या पोरीसाठी पोलीस बोलावतात.

उत्तर दुपारी मिळत नाही. रात्री साडेदहाला एकदा आणि पहाटे साडेपाचला एकदा चक्कर मारा, दोघं मिळून. हमाल, रात्रपाळीचा चहावाला, झाडूवाल्या बायका यांना विचारा. सगळ्यात जास्त माहिती असते ती स्टँडवरच्या स्वच्छतागृहाच्या मावशीला. कोणती मुलगी किती वाजता तोंड धुवायला येते, कुणाकडं बदलायला कपडे नाहीत, कुणासोबत हल्ली एक माणूस दिसतो, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तिला रोज नमस्कार करत जा. माझ्या कामाचा निम्मा भार अशा दोन मावशींनी उचललाय.

एकटी असेल तर त्याच दिवशी

आपल्याकडं अशा मुली जास्त करून मिरज जंक्शनवर दिसतात. पुणे, कोल्हापूर, बेळगाव-हुबळी आणि पंढरपूर-सोलापूर या चारही बाजूंच्या गाड्या तिथं येतात, त्यामुळं घरातून निघालेली पोर गाडी बदलता बदलता फलाटावर अडकते. तिला मराठी येईलच असं धरू नका. ‘ऊट आय्ता?’ म्हणजे जेवलीस का, एवढं कानडी तोंडपाठ असू द्या. मी कितीतरी तोंडं या दोन शब्दांवर उघडलेली पाहिली आहेत.

उजेडात, लोकांच्या नजरेसमोर बसा. फलाटावर असाल तर बाकावर, मधे हातभर अंतर ठेवून. आपलं नाव सांगा आणि तिचं नाव तिला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगू दे. तिकीट कुठलं, घर का सोडलं, बाप काय करतो, हे प्रश्न आपले नव्हेत. तहान, भूक, दुखापत, आणि आत्ता कुणाची भीती वाटतेय का, एवढंच विचारा.

मग १०९८ लावा. ही बालकांची हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत सुरू झाली. आता ती सरकार चालवतं आणि ११२ शी जोडलेली आहे. जागा नेमकी सांगा: फलाट कितवा, कोणत्या जिन्याजवळ. अंदाजे वय, भाषा, कपड्यांचा रंग, जखम आहे का, आजूबाजूला कुणी घुटमळतंय का, हेही सांगा. स्टेशनात रेल्वे सुरक्षा दल आणि लोहमार्ग पोलीस असतात. शहरात असाल तर प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. ठाण्यात गेल्यावर त्यांनाच भेटायचंय असं सांगा, म्हणजे टेबलामागून टेबल फिरावं लागत नाही.

कायदा इथं तुमच्यावरही जबाबदारी टाकतो. हरवलेलं, टाकलेलं किंवा निराधार मूल ज्याच्या हाती लागलं त्यानं २४ तासांच्या आत हेल्पलाइन, पोलीस, बालकल्याण समिती (अशा मुलाचं पुढं काय करायचं हे ठरवणारी) किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुणाला तरी कळवलंच पाहिजे. न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून ‘आजची रात्र माझ्या घरी झोपू दे, उद्या बघू’ हा मोह आवरा. घर तुमचं कितीही चांगलं असो. तिला काय माहीत तुम्ही कोण आहात? आणि पुढं कुणी बोट दाखवलं तर तुमच्याकडं काय उत्तर आहे?

मदत येईपर्यंत जे घडणार आहे ते तिला खरं खरं सांगा. या पोरींच्या कानावर ‘रिमांड’ हा शब्द आधीच पडलेला असतो. तिथं मारतात, केस कापतात, परत सोडत नाहीत, असं फलाटावरची मोठी पोरं सांगतात. तिला सांगा की गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी निरीक्षणगृह असतं. तिच्यासारख्या मुलींसाठी बालगृह असतं, ते निराळं. उद्या काही माणसं तिच्याशी बोलतील आणि तिचं म्हणणं ऐकतील हेही सांगा. ‘चल, तुला आईकडं नेते’ असं खोटं सांगून गाडीत बसवू नका. एकदा मी बसवलं होतं. त्या मुलीनं पुढं दोन वर्षं माझ्याशी शब्द बोलला नाही, आणि चूक माझीच होती.

समितीपुढं जाताना

२४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मुलीला बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे. महिन्यातून किमान वीस दिवस समिती बसावी असं कायदा सांगतो, आणि ती बसलेली नसेल तेव्हा एका सदस्यापुढंही मुलीला नेता येतं. ‘समिती सोमवारी आहे, तोवर ठाण्यात बसवू’ असं कुणी म्हणालं तर हे शांतपणे आठवण करून द्या. भांडू नका, त्या माणसाशी पुन्हा गाठ पडणार असते. तातडीच्या रात्री सखी वन स्टॉप सेंटरचा, म्हणजे अत्याचार झालेल्या बायका-मुलींसाठीच्या सरकारी मदत केंद्राचाही आधार असतो.

तुम्ही एक पानभर लिहून न्या. तारीख, वेळ, कुठं दिसली, काय म्हणाली, तिच्याच शब्दांत. ‘मुलगी घाबरलेली वाटली’ या वाक्याचा समितीला काही उपयोग नाही. ‘खाकी कपडे दिसले की बाकाखाली लपते, मामाचं नाव निघालं की बोलणं थांबवते’ याचा आहे.

कारण खरी मेख पुढं आहे. मुलीला घरी, आपल्या माणसांत परत पाठवणं हाच कायद्याचा पहिला कल असतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. पण घरीच लग्न ठरवलंय म्हणून पळून आलेल्या पंधरा वर्षांच्या पोरीला त्याच घरी पोचवलं तर पुढच्या खेपेस ती मिरजेत उतरणार नाही, लांब जाईल. घरचे लोक समितीपुढं रडतात. ते रडणं खोटं नसतं, पण तेवढ्यानं घर सुरक्षित ठरत नाही. घराची सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत आणि अंतिम निर्णय चार महिन्यांत व्हावा अशी मुदत आहे. त्या मुदतीत तुम्हाला ठाऊक असलेलं सगळं लेखी समितीपुढं आलं पाहिजे. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

पालावरच्या मुली: गजगे आणि अंगणवाडी

ऊसतोडीच्या हंगामात गावाबाहेर कोप्या पडतात, संकष्टीला गणपती मंदिराच्या रस्त्यावर आणि उरसाला मिरज दर्ग्याजवळ नवी बोचकी दिसतात. साताऱ्यात महामार्गालगत पालं उठतात नि बसतात. यातली बरीच कुटुंबं भटक्या-विमुक्त जमातींची. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं त्यांच्यातल्या कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का कायद्यातून ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला गेला, लोकांच्या बोलण्यातून अजून गेलेला नाही. नव्या मुलंमुलींनो, पालावर पाय ठेवताना स्वतःची पर्स घट्ट धरताय का ते एकदा बघा. समोरच्या बाईनं ते तुमच्या आधी पाहिलेलं असतं.

इथं घाई कामाची नाही. आठवड्यातले दोन वार ठरवा आणि एक वेळ ठरवा. आमचे मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी साडेपाच. पाऊस असो, घरी पाहुणे असोत, साडेपाचला तिथं असायचंच. या मुलींच्या आयुष्यात ठरल्या वेळी उगवणारं माणूस क्वचितच असतं. येतो म्हणून न येणारे भरपूर. पहिल्या महिन्यात कुणी जवळ येत नाही. दुसऱ्या महिन्यात एखादी विचारते, ‘परवा साडेपाचच्या आधीच का गेलीस गं?’ तिनं वेळ मोजायला सुरुवात केली, म्हणजे आता काम सुरू झालं.

सोबत काय न्यायचं? गजगे. पाच सागरगोटे खिशात असले की पुरे. खेळात त्या तुम्हाला हरवतात आणि हरवताना बोलतात. आईशी आधी ओळख करून घ्या, ‘मावशी’ म्हणा, पोरीशी बोलायची परवानगी विचारा. दर वेळी मुलीलाच बाजूला घेऊन कुजबुजत बसलात तर कोणती आई गप्प बसेल?

शाळेचं नाव काढलं की आई म्हणते, ‘हिला धाडलं तर धाकट्याला कोण बघणार?’ याला आमच्यातले काही जण ‘पालकांची अनास्था’ असं अहवालात लिहितात. मला तो शब्द वाचला की राग येतो. आईबाप कामावर, नऊ वर्षांची पोर घर सांभाळतेय. तिचा प्रश्न धाकट्याचा आहे. म्हणून मोठीला शाळेत घालायचं असेल तर आधी धाकट्याला जवळच्या अंगणवाडीत घाला. सेविकेला भेटा, पहिला आठवडा तुम्ही स्वतः पोचवा आणि आणा. मगच मोठीचं दप्तर काढा.

शाळा ‘जन्मदाखला आणा, टीसी आणा’ म्हणाली तर घाबरू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलीला या कागदांवाचून अडवता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागं पडलेलं विशेष प्रशिक्षणानं भरून काढायचं. हंगाम संपून कुटुंब गावी चाललं तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत तिची गाडी पुढं सरकते. मुख्याध्यापकांना कायद्याचं कलम दाखवण्याआधी वर्गशिक्षिकेला जाऊन भेटा. मुलीला तिसऱ्या बाकावर कोणाशेजारी बसवायचं हे त्याच ठरवतात, आणि पोर शाळेत टिकते की नाही हे त्या शेजारणीवर ठरतं.

केस, पाळी, सोल्यूशन

पिशवीत पैसे नकोत. फणी, खोबरेल, नेलकटर, सेफ्टी पिना, आतले कपडे आणि पॅड ठेवा. पॅड देताना ते कुठं बदलायचं आणि कुठं टाकायचं याची सोय आधी बघा. रस्त्यावर राहणाऱ्या मुलीची अडचण बहुतेक वेळा पॅडची नसते, आडोशाची असते. पुन्हा त्या स्वच्छतागृहाच्या मावशीकडं जा.

उवांवर औषध आहे, खरजेवरही आहे. एका संस्थेत दाखल झाल्याच्या दिवशीच एका मुलीचे कमरेपर्यंतचे केस ‘स्वच्छतेसाठी’ कापले. तिच्यापाशी स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. तिसऱ्या रात्री ती भिंतीवरून पळाली. केसांना हात लावण्याआधी विचारायला एक मिनिट लागतं.

रुमालात सोल्यूशन (पंक्चर काढायचा चिकट द्रव) किंवा व्हाइटनर घेऊन नशेसाठी हुंगणारी मुलगी दिसली तर रुमाल हिसकावू नका. त्यानं भूक आणि थंडी दोन्ही विसरायला होतात म्हणून ती घेते. त्या अवस्थेत उपदेशही करू नका. शुद्धीवर असेल तेव्हा दवाखान्याचं बोला. सांगलीत किंवा मिरजेत सरकारी रुग्णालयात घेऊन जायचं तर केसपेपरच्या रांगेत तुम्ही उभं राहा, ती बाकावर बसू दे.

अत्याचाराचा संशय आला तर

‘ताई, कुणाला सांगणार नाहीस ना?’ हा प्रश्न येणारच. हो म्हणू नका. पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही गप्प राहणाऱ्याला शिक्षा आहे, आणि वचन मोडलेलं तिला जास्त लागतं. ‘ज्यांना सांगावं लागतं त्यांनाच सांगेन, आणि सांगताना तुझ्यासोबत असेन’ एवढं म्हणा, आणि खरंच सोबत राहा.

तपशील खोदू नका. ती बोलेल ते तसंच लिहून ठेवा, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय, मुलीला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात. प्रकार ताजा असेल तर अंघोळ आणि कपडे धुणं थांबवा, दवाखाना आधी. उशीर झाला तर पुरावा जातो आणि गर्भधारणा टाळण्याच्या औषधाची वेळही. खासगी दवाखान्यालाही अशा वेळी मोफत उपचार नाकारता येत नाहीत.

फोटोचं इथंच सांगून टाकते. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलीची ओळख उघड करायला मनाई करतं. चेहरा झाकून, नाव बदलून, ‘फक्त स्टेटसला’ टाकलेलं असलं तरी शाळेचा गणवेश आणि मागची भिंत ओळखू येते. वाढदिवस रस्त्यावरच्या मुलांसोबत साजरा करून केकचे फोटो टाकणाऱ्यांना मी आता स्पष्ट नाही म्हणते. काहींना राग येतो. येऊ दे.

कागद

कंटाळवाणं काम, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. वय ठरवताना आधी शाळेचा जन्मनोंदीचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका, महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, असा कायद्याचा क्रम आहे. म्हणून जुन्या शाळेचा माग काढणं फायद्याचं. चार गावं फिरलेल्या मुलीलाही ‘पिंपळाखालची शाळा’ आठवत असते. आधार, बँक खातं, जातीचा दाखला यांच्या प्रती मुलीच्या नावाच्या एका फाइलीत ठेवा. एक संच तुमच्याकडं, एक संस्थेकडं.

मुलगी नातेवाइकांकडं राहू शकत असेल तर बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातून करा. २०२३ पासून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. योजनेला नाव सावित्रीबाईंचं, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीचं. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वाचे ४,००० रुपये मिळू शकतात. आजीकडं पोर राहायला तयार असते आणि आजीही तयार असते, अडतं ते दोन वेळच्या भाकरीवर. त्या घरी हे पैसे खरंच फरक करतात.

पुन्हा पळाली तर

पळते. जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी पळते. रस्त्यावर मैत्रिणी असतात, स्वतःची कमाई असते, कुणाची परवानगी लागत नाही. बालगृहात घंटा वाजली की जेवायचं आणि घंटा वाजली की झोपायचं. पोलिसांत बेपत्ताची नोंद करा, समितीला कळवा, आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी जुन्या जागी जाऊन बसा. परत दिसली तर ‘का गेलीस?’ विचारू नका. ‘जेवलीस का?’ विचारा. आमची एक मुलगी तीनदा गेली. चौथ्या खेपेला ती स्वतःच स्टँडवर माझी वाट बघत बसली होती, साडेपाचच्या आधी पाच मिनिटं.

अठराच्या उंबरठ्यावर

तयारी सोळाव्या वर्षी सुरू करा. शाळा सुटलेली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. शिवण आणि ब्यूटी पार्लर हे दोनच कोर्स डोळ्यांपुढं आणू नका. तिला विचारा. एकीला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं, तिला आयटीआयच्या वर्गात नेऊन दाखवलं. अठरा पूर्ण झाल्यावर बालगृह सुटतं, पण २१ पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सुटल्यानंतरच्या आधाराची, सोय कायद्यात आहे, तिचा अर्ज आधीच करायचा असतो. आईबाप नसलेल्या मुलीचं अनाथ प्रमाणपत्र वेळेत काढा. राज्यात शिक्षण आणि नोकरीत अनाथांना एक टक्का आरक्षण आहे. खोलीचं भाडं, गॅसचं बुकिंग, घरमालकाशी बोलणं, ही शिकवणी तिच्यासोबत प्रत्यक्ष हिंडूनच होते.

तुमच्यापुरतं

आधी एखाद्या नोंदणीकृत संस्थेशी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी जोडून घ्या आणि पोलीस पडताळणी करून घ्या. बंद खोलीत मुलीसोबत एकट्यानं थांबायचं नाही, बाईनं आणि बाप्यानं दोघांनीही. मुलीला वैयक्तिक मोबाइल नंबर देताना विचार करा; रात्री एकला फोन आला तर उचलणार आहात का?

मंगळवार आणि गुरुवार, साडेपाच, स्टँडवरच्या चहाच्या गाड्याजवळ. येणार असाल तर किमान वर्षभर येणार का ते घरी विचारून या. एखाद्या दिवशी उशीर होणार असेल तर मला फोन नाही केला तरी चालेल, पण चहावाल्याकडं निरोप ठेवा. पोरी आधी त्यालाच विचारतात.